पूल की मुक्काम?

मिर्झा कदीम इरेवानी (१८२५-१८७५) या अझरबैजानी चित्रकाराचे बसलेल्या स्त्रीचे व्यक्तिचित्र १८७०च्या दशकातले. लघुचित्र-परंपरा आणि वास्तववाद यांमधला पूल म्हणून समीक्षक त्याचा गौरव करतात. आम्हांला हे रूपक अपुरे वाटते. पूल ओलांडण्यासाठी असतो, राहण्यासाठी नव्हे. येथे चेहऱ्याला छायाप्रकाशाने घनता लाभते, वस्त्रावरची नक्षी मात्र सपाटच राहते. इरेवानींनी भरतकामासाठी नक्षीचे नमुने काढले होते. तेव्हा हा सपाटपणा अपुऱ्या कौशल्याचा नसून निवडीचा आहे, असे आमचे मत आहे. चेहरा एकटीचा, नक्षी सर्वांची. वाङ्मयेतिहास शिकवतानाही ‘संक्रमणकालीन’ म्हणून ज्या कृती आपण घाईने ओलांडतो, त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे.