आधी अंतर मोजा, मग टीव्ही घ्या

दसरा-दिवाळीला नवा टीव्ही घ्यायचा बेत असेल, तर दुकानात जाण्याआधी सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून घ्या. दुकानात तुम्हाला ४के आणि ८केबद्दल भरपूर ऐकवतील, पण हे अंतर क्वचितच कुणी विचारेल.

डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आठवतो ना? हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये आणला. ६/६ नजर म्हणजे सहा मीटरवरून साधारण पावणेदोन मिलिमीटरचा बारकावा ओळखता येणं. तीन मीटरवर तोच निम्मा होतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीच्या रुंदीत १९२० ठिपके असतात, प्रत्येक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडून ते सुटे दिसतच नाहीत. मग आठ फुटांवर बसून बातम्या बघणाऱ्याला पाव मिलिमीटरच्या ४के ठिपक्यांचं काय कौतुक?

हिशेब सोपा आहे. टीव्हीच्या इंचांना दीडनं गुणा. येईल त्या इंचांपेक्षा लांब बसत असाल, तर फुल एचडी पुरे. घरात तरुण, तीक्ष्ण नजरेची मंडळी असतील तर एक-दोन फूट जास्त धरा. मोठ्या आकारात हल्ली बहुतेक टीव्ही ४केच येतात, ते खुशाल घ्या. ८केसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा आवाज चांगला आहे का बघा, पातळ टीव्हींचा तो बहुधा रडका असतो.

पैसे घालायचेच तर कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर घाला. तिथे आपण दोन फुटांवर बसतो आणि २४ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके तेवढ्यावरून चांगल्या नजरेला जाणवतात. मराठी मजकूर वाचताना तर जास्तच, कारण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेघा तिथे फुटतात. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्यानं २७ इंची ४के घेतला, तर ती चैन नव्हे. मोबाइलची चिंता सोडा; २०१० च्या आयफोन ४ मध्येच इंचाला ३२६ ठिपके होते आणि फूटभरावरून साधारण नजर तीनशेच्या आतच थकते.

दुकानात टीव्हीला नाक लावून उभे राहू नका. घरी मोजलंत तेवढं मागे सरका आणि चकचकीत नमुना-चित्रफीत बंद करून तुमच्या रोजच्या पाहण्यातलं चॅनेल लावायला सांगा.