शेकडा कशाचा?

दहावीचा निकाल लागला की जुळे सोलापुरातल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "जाऊ द्या हो, गणित कुठं लागतंय पुढं?" ज्याच्या पोराला पस्तीस पडले नाहीत त्याला धीर द्यायला शेजारी हे म्हणतात, मामा म्हणतो, क्वचित मास्तरही म्हणतात. आजवर कोणी भाजी घेताना अ अधिक ब चा वर्ग काढला आहे का, हा त्यामागचा हुकमी सवाल. हा विचार आता सांत्वनापुरता राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षण मंडळांना विचारले होते की गणित ऐच्छिक करता येईल का. २०२४ च्या ऑक्टोबरात, राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने, दहावीला गणितात आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळवणाऱ्यालाही अकरावीत जाऊ द्यावे, फक्त 'हे विषय पुढे घेता येणार नाहीत' असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, असा प्रस्ताव चर्चेत आला.

या मताच्या मागे कळकळ आहे, हे आधीच मान्य करतो. एका विषयापायी शाळा सुटलेली मुले आपल्या शहराने थोडी पाहिलेली नाहीत. मुलगा नापास झाला की कारखान्यावर जातो आणि मुलगी नापास झाली की स्थळे बघायला सुरुवात होते. पुस्तकातली पुष्कळ गणिते रुक्ष असतात, शिकवण्याची रीत त्याहून रुक्ष असते, हेही खरे. पण दुखणे खरे असले म्हणून दिलेले औषध बरोबर ठरत नाही. गणित 'सोडवण्या'ची ही दया ज्याच्यावर केली जाते, त्याच्याच खिशाला ती पुढे आयुष्यभर कातर लावते.

पहिला आक्षेप कॅल्क्युलेटरचा. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो आहे, मग पाढे आणि टक्केवारी घोकायची कशाला? कॅल्क्युलेटर आकडेमोड करतो, पण कोणता आकडा कशाने गुणायचा, हे त्याला कळत नाही. शेकडा काढायचा तर तो कशाचा, हे माणसालाच ठरवावे लागते आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

कर्जाचे उदाहरण घ्या. एक लाख रुपये, मुदत एक वर्ष, व्याज 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. एक लाख बारा हजार भागिले बारा, म्हणजे हप्ता ९,३३३ रुपये. मोबाईलनेही तेच उत्तर दिले, सही झाली. पण पूर्ण लाख रुपये तुमच्याकडे किती दिवस होते? पहिल्या हप्त्यापर्यंतच. दर महिन्याला मुद्दल ८,३३३ रुपयांनी उतरत गेले, शेवटच्या महिन्यात तेवढेच शिल्लक होते. वर्षभराची सरासरी काढली तर तुम्ही वापरलेले पैसे ५४ हजारांच्या आसपास. त्यावर बारा हजार व्याज, म्हणजे दर साल दर शेकडा सुमारे २२ रुपये. यात बीजगणिताचा लवलेश नाही. बेरीज, सरासरी, भागाकार, सगळे सातवीचे. खासगी सावकार 'शेकडा पाच' म्हणतो तेव्हा तो महिन्याचे बोलतो, आणि बँकेचे 'शेकडा बारा' हे वर्षाचे असतात. पाच हे बारापेक्षा लहान दिसतात, पण वर्षाचे साठ होतात. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले ते सुमारे ४३ टक्क्यांना. गणित सोडायला सांगणाऱ्यांनी उरलेल्या ५७ जणांच्या कर्जाच्या कागदावर कोण नजर टाकणार, हेही सांगावे.

शेकडा कशाचा, हा प्रश्न पाण्यालाही लागू आहे. उजनी धरणाचेच बघा. उन्हाळा आला की 'उजनी उणे तीस', 'उणे चाळीस' अशा बातम्या येतात. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचले होते. कोणी म्हणते धरण आटले, कोणी म्हणते शून्याच्या खाली पाणी कसे जाईल, हा सगळा बनाव आहे. दोघेही चुकतात, कारण ही टक्केवारी ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याची आहे. त्याच्या तळाशी ६३.६६ टीएमसी मृतसाठा वेगळाच. उणे साठ म्हणजे त्या मृतसाठ्यातून ३२ टीएमसी उपसले गेले, आणि साधारण साडेएकतीस उरले. हे कळणारा माणूस घाबरतही नाही आणि बेफिकीरही राहत नाही. पुढच्या बैठकीत तो विचारू शकतो की हे ३२ कोणाच्या वाट्याला किती गेले. पाण्यावरून भांडणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारता येणे ही साधी गोष्ट नव्हे.

घरातल्या टाकीलाही हेच लागू. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच जणांच्या घराला ६७५. नळ पाचव्या दिवशी येणार असेल तर ३,३७५ लिटर साठवायला हवे. हजार लिटरची टाकी बसवून टँकरवाल्याला फोन करत राहणाऱ्या घराने हा गुणाकार कधी केलेलाच नसतो. फ्लॅट घेताना तर लाखोंचा हिशेब असतो. हजार चौरस फूट 'सुपर बिल्टअप', दर ३,५०० रुपये, एकूण ३५ लाख. कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापराची जागा, मोजली तर समजा ७४० फूट निघाली, मग खरा दर ४,७०० च्या वर गेला. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रफळ सांगणे बंधनकारक केले, पण कायद्याने दिलेल्या आकड्याने भागाकार घेणाऱ्यालाच करावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निरक्षर विडी कामगार बाई कुठल्या शाळेत गेली होती? पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, हा हिशेब ती झोपेतही चुकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तो तेलुगूतही बिनचूक चालतो. मग शाळेच्या गणिताचा आग्रह कशाला? तिच्या त्या मोजणीला माझा नमस्कार. पण ती हाताखालचे मोजते; कागदावरचा शेकडा तिला कोणी दाखवलाच नाही. समजा दहा टक्के छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, निघते. तर पास झालेल्या एक हजार विड्यांसाठी तिला अकराशे नव्हे, १,१११ वळाव्या लागतात. मजुरीत दहा टक्के वाढ दिली आणि छाट शून्यावरून दहावर नेली, तर 'फिटंफाट' म्हणून तिची समजूत घालता येते. प्रत्यक्षात, हजाराला शंभर रुपये मिळत होते असे धरले, तर त्यांचे नव्याण्णव होतात. हा एक रुपया रोजचा, वर्षानुवर्षांचा, आणि हजारो बायांचा आहे.

तिसरे म्हणणे असे की कला शाखेला जाणाऱ्याला नोकरीत गणित लागत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहेच, म्हणजे दहावीला टाळलेला विषय ऐन विशीत पुन्हा समोर उभा राहतो. नर्सिंगला गेलेल्या मुलीला ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असते. साध्या सेटमध्ये मिलिलिटरला वीस थेंब, म्हणून मिनिटाला साधारण ४२ थेंब. सूक्ष्म थेंबाच्या सेटमध्ये मिलिलिटरला साठ असतात, तिथे हाच आकडा वापरला तर औषध एक तृतीयांश वेगाने जाईल. यंत्रमागावर मिनिटाला १२० पिके (आडवे धागे) पडत असतील आणि इंचात चाळीस पिके असतील, तर नव्वद इंची चादर अर्ध्या तासात उतरायला हवी. माग ८० टक्केच चालला तर साडेसदतीस मिनिटे. पिकावर मजुरी घेणाऱ्याला हे कळले नाही तर आठ तासांच्या पाळीत तेरावी चादर का झाली नाही, हे त्याला मालकच सांगणार. गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तरने एका गणवेशामागे दोन इंच कापड वाचवले, तर दहा हजार गणवेशांत पाचशे मीटरहून जास्त कापड वाचते. या चारही कामांत पदवी किंवा प्रमेय लागत नाही.

मग काय करावे? बीजगणित आणि भूमिती हवी तर खुशाल ऐच्छिक करा, त्याला माझा विरोध नाही. पण व्यवहाराचे अंकगणित दहावीपर्यंत प्रत्येकाला सक्तीचेच हवे. आपल्याकडे 'सामान्य गणित' हा विषय होता. २०१७-१८ पासून नववीत तो बंद केला, आणि जिथे पायरी होती तिथे आता वीस गुणांच्या पळवाटेची खिडकी उघडायला निघालो आहोत. तो विषय परत आणा, मात्र दुबळ्यांचा विषय म्हणून नको. त्यात वीजबिल, कर्जाचे हप्ते, सातबाऱ्यावरचे आर आणि गुंठे, औषधाचे प्रमाण, धरणाचा साठा, पोलीस भरतीचे अंकगणित असू द्या. परीक्षेत कॅल्क्युलेटर नेऊ द्या, सूत्रांचा तक्ताही द्या, कारण तपासायचे आहे ते कशाला कशाने भागायचे हे. आणि अशा पेपरात पस्तीस गुणांची अट मात्र एकाही मुलासाठी सैल करू नये.