रस्त्याला परवाना, गोदामाला नशीब!

राजोडीचा तरुण वाडी सोडून रोजगारासाठी रेल्वेच्या पूर्वेला, वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत जातो. स्कूटर चालवायची तर त्याला परवाना लागतो. मात्र गाळ्यात शिरल्यावर तीन-चार टन वजनाची फोर्कलिफ्ट त्याच्या हाती सोपविताना परवान्याची गरज कोणाला वाटत नाही. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरावयाची खास वाहने ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. रस्त्यावरच्या नागरिकाच्या जिवाची काळजी शासन वाहते. भिंतीआडच्या कामगाराचा जीव मालकाच्या मर्जीवर सोडते.

हे यंत्र म्हणजे काही लहानसा ट्रक नव्हे. ते मागच्या चाकांनी वळते; त्यामुळे वळताना त्याचा मागचा भाग बाहेर फेकला जातो व शेजारी उभा असलेला हमाल त्याच्या तडाख्यात सापडतो. माल जितका उंच, तितका तोल कच्चा. यंत्र कलंडू लागले की अशिक्षित चालक स्वाभाविकपणे बाहेर उडी घेतो आणि त्याच यंत्राखाली चिरडला जातो. पट्टा बांधून आसनाला घट्ट धरून बसावे, हे कोणी शिकविल्याशिवाय सुचत नाही. असे असताना अपघातानंतर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हा शेरा मारणे म्हणजे न शिकविलेल्या धड्याची शिक्षा विद्यार्थ्याला देणे होय.

कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली घातलेल्या कलम १११-अ ने सुरक्षा-प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क मानला होता. पण नुसत्या साठवणुकीचे गोदाम ‘कारखाना’ या व्याख्येत सहज बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेची सर्वसाधारण मर्यादा १० कामगारांची आहे. हजेरीपटावर नऊ नावे दाखविण्याची कला कोणत्या गाळेमालकाला अवगत नाही?

भांडवलशाहीची पंढरी मानलेल्या अमेरिकेतही १९९८ च्या नियमाने पाठ, प्रात्यक्षिक व प्रत्यक्ष कामाच्या जागी परीक्षा ही जबाबदारी मालकावर टाकली; दर तीन वर्षांनी फेरतपासणी सक्तीची केली. येथे मात्र ‘शिकविलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल’ ही मालकाची सबब असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अगदीच पोकळ नाही. एकट्याने केलेल्या खर्चाचा लाभ शेजारचा गाळा उचलतो, म्हणून कोणीच खर्च करीत नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष खर्च टाळण्याचा नसून तो सर्व मालकांवर सारखा बसविण्याचा आहे.

त्याचा मार्ग महाराष्ट्राने आधीच दाखविला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे उभारली, मालकांकडून लेव्ही वसूल केली आणि विखुरलेल्या हमालाला नोंदणी व हक्क दिले. माथाड्याच्या पाठीवरचे ओझे यंत्राने घेतले, तर त्या यंत्राच्या चालकापाशी ते हक्कही आले पाहिजेत. प्रत्येक यंत्रामागे लेव्ही, मंडळामार्फत मोफत प्रशिक्षण, कामगाराच्याच ताब्यात राहणारे प्रमाणपत्र, त्यानुसार कुशल श्रेणीचे वेतन आणि कामगारसंख्येची अट न ठेवता सर्व गोदामांची तपासणी, या मागण्या वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांत नेल्या पाहिजेत. प्रमाणपत्र ही भिंतीवर टांगण्याची शोभा नव्हे. धोकादायक काम नाकारण्याचे ते कामगाराचे हत्यार झाले पाहिजे.