बचावाची गोळी कीं शिक्षेची ?

ता. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं सायंकाळीं मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडींत अक्षय शिंदे हा आरोपी गोळी लागून मेला. बदलापूरच्या एका शाळेंतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि दुसऱ्या एका फिर्यादीच्या तपासाकरितां त्यास तळोजा कारागृहांतून ठाण्याकडे नेण्यांत येत होतें. पोलिसांचें म्हणणें असें कीं, त्यानें वाटेंत एका साहाय्यक निरीक्षकाचें पिस्तूल हिसकावून तीन गोळ्या झाडल्या, त्यांतील एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीस लागली, आणि तेव्हां बरोबरच्या वरिष्ठ निरीक्षकानें झाडलेली गोळी आरोपीच्या डोक्यांत शिरली. बदलापुरांत फटाके वाजले, मिठाई वांटली गेली. मुंबईंत 'बदला पुरा' अशा अर्थाचे फलक झळकले.

ही गोळी समर्थनीय होती काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज कर्तव्य आहे. हा प्रश्न चारचौघांत काढला कीं पहिलें उत्तर येतें तें असें: 'अशा नराधमाचें दुसरें काय करावयाचें ?' हें उत्तर वेगळ्याच प्रश्नाचें आहे. मेलेला मनुष्य कसा होता हें ठरविण्याचें काम न्यायालयाचें होतें, व तें होण्यापूर्वींच तो मेला. आपला प्रश्न गाडींतल्या त्या कांहीं क्षणांपुरता आहे. गोळी झाडणाऱ्यापुढें दुसरा मार्ग शिल्लक होता कीं नव्हता ?

कायद्याची स्थिति या बाबतींत फारशी गहन नाहीं. पोलिसास जीव घेण्याचा निराळा परवाना कोणीं दिलेला नाहीं. अटक करतांना जरूर तेवढें बळ वापरण्याची मुभा त्यास आहे. परंतु हा आरोपी अगोदरच अटकेंत होता. उरला तो आत्मसंरक्षणाचा हक्क, आणि तो इतवारींतल्या दुकानदारास जेवढा आहे तेवढाच फौजदारास. रात्रीं दुकानांत शिरलेल्या दरोडेखोरानें सुरा उगारला, तर दुकानदारास त्याचा जीव घेण्यापर्यंतहि जातां येतें. पण सुरा हातांतून पडल्यावर, चौघांनीं त्यास धरून ठेवल्यावर, तोच वार गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि जुन्या दंडसंहितेचा हा नियम कायम आहे. शिवाय, आपण बचावासाठीं मारिलें असें जो म्हणेल, त्यानेंच तें दाखवून द्यावयाचें असतें. व्यापारी वाचकांस हें सहज पटेल. रक्कम खर्ची पडली असें मुनीम सांगतो तेव्हां मालक पावती मागतो. मुनीम प्रामाणिक आहे हें ठाऊक असलें तरी मागतो. येथें तर नोंद करणारा, तिचा साक्षीदार, आणि प्रथम चौकशी करणारा असे तिघेहि एकाच पेढीचे !

पोलिसांची बाजू मात्र हलकी लेखूं नये. बंद गाडींत कैदी पिस्तूल रोखतो, शेजारचा सहकारी जखमी होतो, अशा वेळीं विचारास मिळतो तो अर्धा क्षण. घरीं दिव्याखालीं बसून 'पायावर कां मारली नाहीं' असें विचारणें आम्हां लेखणीवाल्यांस सोपें आहे. पिस्तूल खरोखरच हिसकावलें गेलें असेल तर त्या निरीक्षकास दोष देणें कठीण जाईल. परंतु सारी भिस्त या 'असेल तर' वर आहे, आणि तेथेंच हकीकत डळमळूं लागते. मुंबई उच्च न्यायालयानें दोनच दिवसांनीं विचारलें कीं, चार पोलिसांस एक मनुष्य आवरला कसा नाहीं, आणि सवय नसलेल्याला पिस्तूल ओढून सज्ज करतां आलें कसें. पुढें दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्यें त्या न्यायालयापुढें आला. त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नाहींत असें त्यांत नमूद असून, गाडींतील पांच पोलिसांस मृत्यूबद्दल जबाबदार धरलेलें होतें. फेब्रुवारींत मृताच्या आईबापांनीं हें प्रकरण पुढें चालविण्याची आपली इच्छा नाहीं असें सांगितलें. तरीहि उच्च न्यायालयानें तें सोडलें नाहीं; ७ एप्रिल २०२५ रोजीं गुन्हा नोंदवून विशेष पथकाकरवीं तपास करण्याचा हुकूम दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें; तेथें पथक पोलीस महासंचालकांनीं नेमावें एवढा फेरफार झाला.

दंडाधिकाऱ्यांचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हेंहि येथें स्पष्ट म्हटलें पाहिजे. पुरावा तपासून न्यायालय सांगेपर्यंत ते पांच पोलीस निर्दोषच समजले पाहिजेत. त्यांच्या कैद्यास जें मिळालें नाहीं तें त्यांस मिळावें, यांत आम्हांस कांहींहि विसंगत दिसत नाहीं.

'कैद्यानें हत्यार हिसकावलें' ही हकीकत मात्र आपण प्रथमच ऐकत नाहीं. हैदराबादेंत एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, आणि ६ डिसेंबर २०१९ च्या पहांटे चटणपल्ली येथें चारहि आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनीं मेले. तेथेंहि हत्यारें हिसकावल्याचेंच कारण देण्यांत आलें, आणि लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. या प्रकरणांत दोन नागपूरकरांचा संबंध आला. सरन्यायाधीश शरद बोबडे यांनीं दुसऱ्याच दिवशीं जोधपुरास बोलतांना न्याय तात्काळ होऊं शकत नाहीं, व सूडाचें रूप घेतल्यास तो न्याय उरत नाहीं, असें बजावलें. आणि सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ति विकास सिरपूरकर. हत्यारें हिसकावल्याची गोष्ट या आयोगास खरी वाटली नाहीं; ठार मारण्याच्या हेतूनेंच गोळ्या झाडल्या असा निष्कर्ष त्यानें काढला, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. मेलेल्यांपैकीं तिघे अल्पवयीन होते असेंहि त्यास आढळलें. फुलें उधळणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं तो अहवाल वाचला असेल ?

मुंबईचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजीं रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया हा वर्सोव्यास चकमकींत मेला असें पोलिसांनीं जाहीर केलें. त्यास वाशीहून उचलून नेल्याच्या तारा त्याच्या भावानें त्याच दिवशीं अधिकाऱ्यांस पाठविल्या होत्या. भाऊ वकील होता म्हणूनच प्रकरण तडीस गेलें. २०१३ मध्यें तेरा पोलिसांस शिक्षा झाली, आणि त्या वेळीं सुटलेले प्रदीप शर्मा यांस उच्च न्यायालयानें १९ मार्च २०२४ रोजीं जन्मठेप दिली. त्यावर ते सर्वोच्च न्यायालयांत गेले. ज्याचा भाऊ वकील नाहीं, त्याचें काय ?

लोकांच्या संतापाचें कारण नागपूरकरांस समजावून सांगावयास नको. १३ ऑगस्ट २००४ रोजीं येथल्याच न्यायालयांत कस्तुरबानगरच्या स्त्रियांच्या जमावानें अक्कू यादव या गुंडास ठार मारिलें, तें पोलीस त्याला वर्षानुवर्षें आवरीत नव्हते म्हणून. बदलापुरासहि तसेंच झालें. मुलींच्या पालकांची तक्रार वेळेवर घेतली गेली नाहीं, आणि २० ऑगस्ट २०२४ रोजीं लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हां कोठें तेथील अधिकारी निलंबित झाले. याच खात्याच्या एका गोळीनें महिन्याभरांत तोच जमाव टाळ्या वाजवूं लागला, आणि तक्रार कोणीं दडविली, शाळेनें काय केलें, हे प्रश्न मागें पडले. आरोपी मेला कीं त्याच्यावरील खटलाहि संपतो. त्या मुलींच्या आईबापांस 'होय, हा गुन्हा यानेंच केला' हें न्यायालयाच्या तोंडून आतां कधींच ऐकतां येणार नाहीं. कसाबाच्या बाबतींत तें ऐकतां आलें, कारण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं तुकाराम ओंबळे यांनीं त्याची बंदूक हातांत धरून ठेवली, स्वतः प्राण दिला, व त्यांच्या सोबत्यांनीं तो खुनी जिवंत पकडला. चार वर्षांनीं तो फांशी गेला, आणि तोंवर सारा कट जगापुढें उघडा झाला होता.

मुंबईंत १९९५ ते १९९७ या काळांत झालेल्या चकमकींत सुमारें १३५ माणसें मेलीं. त्या प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयानें सोळा नियम घालून दिले. त्या निकालाची तारीख योगायोगानें २३ सप्टेंबरच, सन २०१४. प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवावा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या किंवा गुन्हे अन्वेषण विभागाच्या हातीं द्यावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, झाडलेलें हत्यार तपासणीस द्यावें, आणि शौर्य निःसंशय ठरेपर्यंत बढती वा पदक देऊं नये, असे ते आहेत. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन आपल्या शहरांत भरतें. २०१४ पासून राज्यांत पोलिसांच्या गोळीनें जे जे मेले, त्या प्रत्येकाच्या बाबतींत या सोळांपैकीं कोणते नियम पाळले गेले व कोणते नाहींत, याचा तक्ता सभागृहापुढें ठेवण्यास आमदारांनीं सरकारास भाग पाडावें. आणि कैदी नेणाऱ्या प्रत्येक गाडींत, कोणाच्या हातीं बंद न करतां येणारा कॅमेरा कधीं बसणार, याची तारीखहि मागून घ्यावी.