गंज चढलेला आणि गंजाने खाल्लेला

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये कोणी जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० आणली, की तिची परीक्षा एकाच पद्धतीने होते. किक मारायची, कान द्यायचा, दोनदा रेस करायची आणि "आवाज मस्त आहे यार!" म्हणून निकाल जाहीर. बाईकपुरतं हे चालून जातं. पण जुनी पोर्शे ९११ घेतानाही लोक असाच आवाजावर जीव टाकतात आणि तिथे माझा विरोध आहे. माझं मत असं, की एअर-कूल्ड स्पोर्ट्स कारचा आवाज सगळ्यात शेवटी ऐकावा. आधी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावं.

हा विषय डोक्यात यायचं कारण घरचंच. माझा आतेभाऊ जर्मनीत नोकरी करतो. पाच वर्षांची बचत घेऊन स्वारी १९७६ ची ९११ बघायला निघालीये. आत्याच्या मते तेवढ्यात पुण्यात फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं. दादाने मला विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग, काय काय बघू?" त्याला सांगितलं तेच इथे मांडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही गाडी १९६३ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ९०१ या नावाने आली. मधल्या शून्याच्या नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. १९९८ पर्यंत तिचं इंजिन एअर-कूल्ड होतं. मागे बसवलेलं, सहा सिलिंडर समोरासमोर आडवे. रेडिएटर नाहीच. एक मोठा पंखा फिन्सवर हवा मारतो आणि बरीचशी उष्णता ऑइल वाहून नेतं. म्हणजे 'एअर-कूल्ड' हे तसं अर्धंच खरं!

आता गंज. आम्ही कॉन्व्हेंटवाले सगळ्यालाच 'रस्ट' म्हणून मोकळे होतो. पण मराठीत लोखंडावर गंज चढतो आणि मग गंज लोखंड खातो. या दोन अवस्था वेगळ्या आहेत आणि गाडी घेणाऱ्याला नेमका हाच फरक ओळखता यायला हवा. चढलेला गंज घासून जातो. खाल्लेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. ९११ ला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. त्यामुळे दाराखालचे पोकळ भाग, पुढे बॅटरीखालचा पत्रा, पेट्रोलच्या टाकीभोवतीची जागा आणि मागच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार ज्या आडव्या नळीत बसतात ती नळी, हे सगळं बोटाने दाबून बघायचं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. ताजा चकचकीत पेंट दिसला तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा.

१९७६ च्या मॉडेलपासून कंपनीने बॉडीसाठी गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरला, म्हणून दादाची गाडी इथे बरी. (अपघातानंतर वेल्डिंग झालं असेल तर मात्र ते जस्त गेलं समजा.) तिचं दुखणं इंजिनात. त्या वर्षीच्या साध्या ९११ मध्ये २.७ लिटरचं इंजिन होतं आणि त्याची क्रँककेस मॅग्नेशियमची. सिलिंडर आणि हेड ज्या लांब स्टडनी आवळलेले असतात ते स्टीलचे. थर्मल स्ट्रेसचं गणित आठवा : स्टीलचा प्रसरणांक साधारण १२, ॲल्युमिनियमचा २३, मॅग्नेशियमचा २६. इंजिन तापलं की ॲल्युमिनियम स्टडला ओढतं आणि गरम, मऊ पडलेल्या मॅग्नेशियममधले आटे सुटतात. १९७५ ते १९७७ मध्ये अमेरिकेसाठी बनलेल्या अनेक गाड्यांत तर प्रदूषण नियमांसाठी थर्मल रिॲक्टर लावले होते. ते इंजिनाला आणखी भाजून काढायचे. कॅलिफोर्नियाहून परत आलेल्या गाडीचा पत्रा कोरडा ठणठणीत असतो तो असा! १९७८ च्या एससी मॉडेलपासून केस ॲल्युमिनियमची झाली.

मग आवाज कधी ऐकायचा? इंजिन पूर्ण थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. आडव्या इंजिनात सुरुवातीला थोडा निळा धूर येतोच, घाबरू नये. पण गाडी गरम झाल्यावरही तो येत राहिला तर ऑइल जळतंय. नंतर लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा दाबायची आणि ती किती व कुठून सुटते ते बघायचं. सहाही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. आणि हीटर लावून बसायचं. या गाडीत एक्झॉस्टभोवती तापलेली हवाच आत येते. तिथे भोक पडलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये. इथे मात्र घासाघीस नको, ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

"फक्त वीस हजार किलोमीटर चाललेली" या जाहिरातीचंही मला कौतुक नाही. पन्नास वर्षांत तेवढंच चाललेल्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोलच्या नळ्या तडकतात. त्यापेक्षा दोन लाख चाललेली, पण ऑइल बदलल्याची बिलं फाइलला लावलेली गाडी मी घेईन. जर्मनीत जुन्या गाड्यांना 'एच' अक्षराची नंबर प्लेट मिळते आणि दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. पण त्या कागदावर क्रँककेसच्या आट्यांबद्दल काही लिहिलेलं नसतं.

दादापुढे दुसराही पर्याय आहे. १९७३ ची, दिसायला जास्त देखणी, आणि दाराखाली नवा पेंट. मी त्याला १९७६ चीच बघ म्हटलं. स्टड सुटले असले तरी इंजिन उघडून नवे आटे बसवता येतात आणि मेकॅनिक आधी कोटेशन देऊ शकतो. गंजलेल्या सांगाड्याचं कोटेशन पत्रा कापेपर्यंत कोणी देऊ शकत नाही. पुढच्या शनिवारी तो गाडी लिफ्टवर घेणार आहे. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही.