रडणारे यंत्र आणि मुके वर्ग

सुरतेहून हजिऱ्याच्या वाटेवर इच्छापोर नावाचे गाव लागते. मराठी कानाला हे नाव भलतेच गोड वाटते: इच्छेने झालेले पोर! त्या 'पोर'चा आपल्या पोराशी संबंध नाही, हे ठाऊक आहे. पण मूल इच्छेने, समजून-उमजून व्हावे, हे शाळकरी मुलांना शिकवायचे कसे, हा प्रश्न त्या नावावरून सुचतो खरा.

अमेरिकेने त्यावर यंत्र काढले. 1990च्या दशकात तिथल्या शाळांत इलेक्ट्रॉनिक बाळ आले. ते रात्री-अपरात्री रडते. दूध पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला. पोटातले यंत्र सगळ्याची नोंद ठेवते. दोन-तीन दिवस हे सांभाळले की मुलगी धसका घेईल आणि कोवळ्या वयात आई होणे टाळेल, असा हिशेब.

हिशेब फसला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील 57 शाळांतल्या 13 ते 15 वर्षांच्या 2834 मुलींचा विसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. बाहुलीचा कार्यक्रम झालेल्या मुलींपैकी 8 टक्के आई झाल्या, बाकीच्यांपैकी 4 टक्के. गर्भपातही जास्तच, 9 टक्के विरुद्ध 6. बाहुलीसोबत पाठ होते, तरीही!

वाचकहो, हे आपल्याला कशाला, असे म्हणू नका. सरकारी कचेरीत इतकी वर्षे फायली हलवल्यावर एक गोष्ट कळते: आपल्याकडे वस्तू विकत घेणे सोपे, विषय शिकवणे कठीण. बाहुलीचे टेंडर निघेल, पण 'शरीर' हा शब्द वर्गात निघणार नाही. 2007 साली महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी किशोरवयीनांसाठीचे लैंगिक शिक्षण शाळांत रोखले होते. कारण काय, तर संस्कृती! त्याच मराठी संस्कृतीत र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पुढे नोकरी गमावली, आणि 1927पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यांचे नाव घ्यायला मात्र आपण लाजतो.

पोटासाठी सुरतेत गेलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांत कितीतरी थोरल्या मुली धाकटे भावंड कडेवर घेऊनच वाढतात. त्यांना रडक्या बाळाची कसली भीती दाखवणार? बाळ सांभाळणे त्यांना येते. पाळी का येते, गर्भ कसा राहतो, तो कसा टाळता येतो, अठराच्या आत लग्न लावणे गुन्हा आहे, आणि 'नाही' म्हणायचा आपल्याला हक्क आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या गुजरातेत 21.8 टक्के, महाराष्ट्रात 21.9. आमच्या गोव्यात 5.8. पाठ थोपटून घेऊ नये. गोव्यातल्या किती घरांत बाप आपल्या मुलाशी या विषयावर बोलतो?

आणि मुलगा कुठे आहे या साऱ्यात? ऑस्ट्रेलियातला तो अभ्यास मुलींचा. आमच्याकडे धाक मुलींना, बंधने मुलींना. मूल काय एकट्या मुलीला होते?

आठवी-नववीच्या वर्गात मुलगे आणि मुली एकत्र बसवा. समोर जाणकार डॉक्टर किंवा शिक्षिका उभी करा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रत्येकाचे खरे उत्तर द्या. याला टेंडर लागत नाही. मोठ्यांनी तोंड उघडावे लागते, एवढेच.