दोन दीनार आगाऊ



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. तेल, द्राक्षारस, बांधलेल्या जखमा, सारे आठवते. पण लूक 10:35 पाशी आपण फारसे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तो उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरीन, असे वचन देतो. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची मजुरी त्याने आगाऊ भरली आणि पुढच्या खर्चाला स्वतः जामीन राहिला. जखमी माणसाच्या डोक्यावरचे छप्पर टिकले ते या जामिनामुळे.

आज अशा जामिनाची गरज आपल्याच घरांतल्या लेकरांना आहे. आपले राजेगाव बाघ नदीच्या काठी. पूल ओलांडला की महाराष्ट्र. इथली मुले-मुली कामाला आणि शिक्षणाला गोंदियाला, बालाघाटला, पुढे नागपूरला जातात. राईस मिलमध्ये, दुकानात, दवाखान्यात काम मिळते. अडते ते किरायाच्या खोलीपाशी. समजा, खोलीचा किराया महिन्याला 2,000 रुपये आहे आणि मालक तीन महिन्यांचे डिपॉझिट मागतो. म्हणजे पहिला पगार हाती येण्याआधीच 8,000 रुपये हवेत. दरमहाचा किराया ते लेकरू कमावून देऊ शकते. हे आगाऊ पैसे मात्र त्याच्याजवळ नसतात. मग सावकाराचे कर्ज काढायचे, नाही तर आईचे कानातले गहाण टाकायचे. हे दोन्ही जमले नाही, तर मिळालेले काम सोडून घरी परतायचे.

आमचे म्हणणे सरळ आहे. डिपॉझिट हा खर्च नाही, ती ठेव आहे. खोली सोडली की ती परत मिळायची असते. म्हणून गरीब भाडेकरूला येथे भिक्षेची नव्हे, जामिनाची गरज आहे. आणि हा जामीन नगरपरिषदेने राहावे.

हे काम तिच्या कक्षेबाहेरचे नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी गरिबी कमी करणे आणि दुर्बल घटकांचे हित जपणे ही नागरी संस्थांची कामे म्हणून लिहिलेली आहेत. इंग्लंडमध्ये अनेक स्थानिक परिषदा गरजू भाडेकरूला डिपॉझिटसाठी बिनव्याजी कर्ज देतात, किंवा रोख रकमेऐवजी घरमालकाला लेखी हमी देतात. नुकसान झाले तरच त्या हमीतून पैसे जातात. तिथे 2019 पासून सर्वसाधारण घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घेतलेली रक्कम 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते.

आपल्याकडेही वाट अगदीच नवी नाही. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राची स्वाधार योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देते. चांगली योजना आहे. पण प्रवेश घेतल्यावर, हजेरी भरल्यावर मिळणारा पैसा खोलीच्या दारात पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही. आणि मिलमध्ये पोती उचलणाऱ्या मुलासाठी ती योजना नाहीच.

कुणी म्हणेल, भाडेकरू पळून गेला तर? शंका रास्त आहे. एका खोलीच्या किरायावर घर चालवणारी विधवा आपल्या मंडळीतही असते. तिचे नुकसान होऊ नये. म्हणूनच हमी लेखी असावी, रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापुरती असावी, आणि भाडेकरूने ती थोड्या थोड्या हप्त्यांनी फेडावी. फिरता निधी असा चालतो: एकाने फेडले की तेच पैसे दुसऱ्याच्या कामी येतात. थोड्या रकमेतही सुरुवात होऊ शकते.

नगरपरिषदेकडे बोट दाखवताना देवाचे वचन आपल्याकडेही बोट दाखवते. अनुवाद 24:10-13 वाचा. गहाण घेणाऱ्याने कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळण्याआधी परत करावे. देव गहाण घेऊ नको असे म्हणत नाही. पण ते घेताना माणसाची अब्रू राखायला सांगतो, आणि परत करण्याची वेळही ठरवून देतो. आपल्यापैकी जे खोल्या किरायाने देतात त्यांना आमची नम्र विनंती आहे. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नका. घेतलेल्या रकमेची पावती द्या. आणि खोली रिकामी झाली त्याच दिवशी पैसे मोजून हातात ठेवा. रंगरंगोटीच्या नावाखाली गरिबाची ठेव कापून घेणे म्हणजे त्याचे पांघरूण रात्रभर ठेवून घेणेच आहे.

मंडळी म्हणूनही आपल्याला काही करता येईल. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या हिशेबी मांडावे असे कळवले. बंदिवासातला माणूस दुसऱ्याला जामीन राहिला! मग आपल्या दानार्पणातला एक लहान भाग बाजूला ठेवून, पंचकमिटीच्या सहीने, परगावी जाणाऱ्या एका तरी लेकराला, मग ते आपल्या मंडळीचे असो वा शेजारच्या घरचे, आपल्याला जामीन राहता येणार नाही का? असा हिशेब नीट ठेवला, तर तोच कागद घेऊन बालाघाट आणि गोंदियाच्या नगरसेवकांकडे जाता येईल. आम्ही करून दाखवले, आता तुम्ही करा, असे त्यांना सांगता येईल. ग्रामसभेतही हा ठराव मांडूया, कारण बाहेर जाणारी मुले गावाचीच आहेत.

प्रभू येशू जन्मला तेव्हा त्याच्या आईबापाला उतारशाळेत जागा नव्हती. दरवर्षी नाताळात आपण त्या बंद दाराची गोष्ट सांगतो. या वर्षी एक दार उघडावे म्हणून आपण प्रार्थना करू, आणि प्रार्थनेनंतर खिशातून दोन दीनारही काढू.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.